आप्पांचं गरम पाणी

आमच्या सेलूत मे महिन्यात नळाच्या साध्या पाण्यानंही हात पोळतो. अशा दिवसांतसुद्धा पहाटे भिंतीपलीकडून हाक येते, "सर, गरम आलं!" पाठोपाठ एक हिरवा रबरी पाइप भिंतीवरून आमच्या अंगणात उतरतो आणि वाफाळतं पाणी ओतू लागतो. मी डोळे चोळत बादली लावतो. ओ दिली नाही तर दुसरी हाक येते, आणि ती सगळ्या गल्लीला उठवते.

हे आमचे शेजारी विश्वनाथआप्पा. सरकी-ढेपेचं दुकान आता पुतण्या बघतो, आप्पा गच्चीवरचा सोलर बघतात. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी गच्ची. उन्हात उभं करून नळ्या दाखवायच्या, मग टाकीच्या पाइपाला हात लावायला सांगायचं. पाहुण्यानं चटकन हात मागे घेतला की आप्पा खूश. एकदा लग्नाचं बोलावणं घेऊन आलेले गृहस्थ बोटं फुंकत खाली उतरले आणि पत्रिका गच्चीवरच विसरून गेले.

नळ्यांवरची धूळ ते स्वतःच्या उपरण्यानं पुसतात. श्रावणात आभाळ भरून आलं की घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून बसतात. आणि पाणी नको म्हटलं की ठरलेलं वाक्य, "त्यो दिवसभर राबलाय, सर. बेकार घालता का?" त्यो म्हणजे सूर्य. दिवसभर मीही शाळेत राबतो, पण माझी दया कुणाला येत नाही.

खरंच कंटाळलो होतो. रविवारीसुद्धा झोप नाही. बायको म्हणायची, एवढं प्रेमानं देतात तर घ्या की. तिचं काय जातं, ती तशीही पहाटे उठते. शेवटी यंदा मी गिझर सांगून आलो. आप्पांना एवढंच सांगायचं राहिलं होतं, की उद्यापासून हाक मारू नका.

पौषातली थंडी होती. हाक यायच्या आत गाठावं म्हणून त्यांच्या मागच्या दारानं गेलो. आप्पा न्हाणीच्या दगडावर बसून अंगावर तांब्यामागून तांब्या ओतत होते. शिवाचं नाव चाललं होतं, पण दात वाजत असल्यामुळं ते धड निघत नव्हतं. चार शिंतोडे माझ्या पायावर उडाले आणि मी दचकलो. पाणी बर्फासारखं गार होतं.

"पाइपातलं पहिलं पाणी गारच येतंय, सर," आप्पा म्हणाले. "रातभर थांबलेलं असतंय. ते कुणीतरी घ्यावंच लागतंय."

सोलर बसवल्यापासून ते असंच करत आले होते. सोलर घेतला होता त्यांच्या बायकोसाठी, आमच्या काकूंसाठी. थंडीत त्यांचे सांधे आखडायचे, तांब्यासुद्धा धरवत नसे. म्हणून पहिली गार बादली आप्पा आपल्या अंगावर घेत, नळाला गरम आलं की घरात हाक देत, आणि काकू आतून "आले" म्हणेपर्यंत तिथंच थांबत. बायकोच्या आधी न्हाणी अडवून बसतो म्हणून गल्ली त्यांना हसायची.

काकू गेल्या त्याला वर्ष उलटून गेलं होतं. हिरवा पाइप त्यानंतरच भिंतीवरून यायला लागला होता.

मी म्हणालो, आप्पा, आता तरी गरम पाणी तुम्हीच घेत जा.

ते पंच्यानं अंग पुसत राहिले. "मला सवय न्हाई. गरम आलं की हाक द्यायची, एवढीच सवय हाय. घरात आता कुणाला देऊ?"

मला फार वाईट वाटलं. गिझरचं बोललोच नाही. घरी आलो, अंगणात बादली मांडली आणि तिच्याजवळ थंडीत कुडकुडत उभा राहिलो. थोड्या वेळानं पाइप उतरला.

"सर, गरम आलं!"

"आलो, आप्पा, आलो," मी भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.

त्या दिवशी पाणी बराच वेळ येत राहिलं.