क्लचवरचा डावा पाय

देवराव मिस्तरी चपला काढल्याखेरीज कोणत्याही मोटारीत पाऊल ठेवीत नाहीत. सदर बाजाराच्या मागील गल्लीत त्यांचे गॅरेज आहे. गिअरची करकर घेऊन आलेल्या मालकाने मागच्या सीटवर मौन धरून बसावयाचे आणि देवरावांनी अनवाणी डावा पाय क्लचवर ठेवून डोळे मिटावयाचे, असा तेथील विधी. एवढी एकाग्रता मला आयुष्यभराच्या संध्येत क्वचितच साधली.

एकदा एक तरुण गृहस्थ त्यांना मोबाईलवर गाडीचा आवाज ऐकवू लागला. देवराव उखडले. "डॉक्टरले पोटदुखीचा व्हिडिओ दाखवतं का गा? गाडी सोता बोलून राहिली, तू काहून मधात बोलतं?"

यंदा माझी त्यांच्याकडे तिसरी खेप होती. रिव्हर्स टाकताना माझी जुनी गाडी दात खाई. पक्षाघातानंतर पत्नीला दिवसाआड व्यायामोपचारासाठी न्यावे लागते. रिक्षात तिला चढवत नाही, आणि परक्या चालकाने हात देऊन बसवणे तिला रुचत नाही. मुलाने पुण्याहून बजावले होते, "बाबा, आता मिस्तरी म्हणतील ते शेवटचं. नाहीतर गाडी विकू."

देवरावांनी इंजिन बंद ठेवून गिअर टाकले. आवाज नाही. चालू करून रिव्हर्स टाकला. तरीही नाही. ऑइल पाहिले, केबल पाहिली, पुन्हा डोळे मिटले. शेवटी म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही बसा इथं. मी मांगं."

मी रिव्हर्स टाकला. गाडी करकरली.

"अजून एक डाव."

पुन्हा तेच. देवराव खाली उतरले, माझ्या दाराशी उकिडवे बसले आणि माझ्या पायाकडे पाहत राहिले.

"क्लच पुरा दाबल्या जात नाही ना, जी?"

"गुडघा सरळ होत नाही," मी म्हणालो. "सीट पुढे घ्यावी, तर तो स्टीअरिंगला अडतो." हे मी घरात कोणालाही सांगितले नव्हते. तीन खेपा सगळा दोष त्या मुक्या गाडीवर घातला होता.

"मंग गिअर वरडन नाही तं काय करन?"

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी तो देवरावांच्या हाती दिला.

"हो, सापडला. क्लचचाच दोष होता. काढून राहिलो... नाही जी, गाडी इकाची काही गरज नाही."

हे असत्य नव्हते. संपूर्ण सत्यही नव्हते. मी मान खाली घातली.

देवरावांनी खणातून रबर चढवलेला, दोन बोटे जाड लाकडी ठोकळा काढला आणि तो क्लचच्या पेडलवर बसवायला घेतला. त्यावर जुनी धूळ होती.

"हा तयार कसा तुमच्याकडे?"

"बापासाठी केलता." ते बोल्ट आवळत राहिले. "त्याचंबी असंच होये. मी सरळ चावीच काढून घेतली. मंग बुढा रोज सकाळी गाडी पुसे अन् तिच्यातच बसून राहे. मले उशिरा समजलं. हे बनवून नेलं, तं म्हणे, आता राहू दे."

पेडल आता दोन बोटे जवळ आले होते. मी क्लच दाबला. रिव्हर्स निमूट पडला.

देवराव हात पुसून माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"चला, एक चक्कर मारू," ते समोर पाहत म्हणाले. "हळू चालवा जी. मले काही घाई नाही."