नळ गेला होता कुठे?

आमच्या घाटकोपरच्या चाळीत पहाटे पाचला पाणी यायचं. शेवटच्या खोलीतल्या सुलूमावशी सगळ्यांत आधी उठायच्या आणि गॅलरीभर ऐकू जाईल अशी हाक द्यायच्या, "नळ इलो गे!" की लगेच तात्या परबांच्या खोलीतून सवाल, "गेल्लो खंय तो?"

"तुमच्या सासरवाडीक!"

रोज. रविवारीसुद्धा.

तात्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर चाळीचा नळ त्यांनीच बसवलेला. "भिंतीत सिमेंटने गाडलाय. जागचा हलला का? नाही ना? मग येतो कसा? पाणी येतं!" एकदा मी सहज म्हणालो, "गाडीत डोळा लागला, जाग आली तर कांजूरमार्ग आलेलं." तात्या म्हणाले, "कांजूरमार्ग जागचं हललं का? तू गेलास, लेका." बायको वारल्यापासून ते एकटेच राहायचे. खानावळीतून डबा यायचा, पण "डबा आला" असं ते कधी म्हणाले नाहीत. "डबेवाला आला."

पुढे मी बी.ए. झालो, मराठी घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी विसरत नसे आणि चाळीलाही विसरू देत नसे. एका पहाटे नळावरच मावशींनी मला धरलं. "बाबा, तू शिकलेलो मां? सांग ह्यांका काय बरोबर ता."

मी बादली खाली ठेवली आणि निकाल दिला. "नळ आला हे बरोबर आहे. इथे नळ म्हणजे नळातलं पाणी. याला लक्षणा म्हणतात. पुस्तकात आहे."

रांग हसली. तात्या आपली बादली उचलून खोलीत गेले. मला पदवीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या पहाटे "नळ इलो गे!" झालं आणि पुढे नुसता पाण्याचा आवाज. मावशी कळशी धरून तात्यांच्या दाराकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाकच दिली नाही. अर्ध्या चाळीचं पाणी हुकलं आणि सगळे माझ्यावर घसरले.

संध्याकाळी तात्या आमच्या दारात आले.

"ते तुझं पुस्तक जुनं आहे का रे?"

"का हो?"

"नाही, छापताना चुकतं कधी कधी." ते आमच्या कडीचा स्क्रू अंगठ्याने चाचपत राहिले. "आता तिच्या हाकेला उत्तर काय देऊ? डबेवालासुद्धा डबा ठेवून निघून जातो. दिवसाचं तेवढंच तर बोलणं होतं."

मी म्हणालो, "तात्या, तसा याच्यात वाद आहे. आमच्या सरांना विचारून सांगतो."

"विचार की!" तात्या वळले, मग थांबले. "पण सावकाश विचार. वर्ष लागलं तरी चालेल."

चौथ्या पहाटे तात्यांचंच दार आधी उघडलं. "पाणी इला गे!"

शेवटच्या खोलीतून ताबडतोब उत्तर आलं, "नळ म्हणा, तात्यानू, नळ!"

सरांना मी अजून विचारलेलं नाही.