एका पोरीपायी चार नवस

भागोजी गुरव सकाळी काळकाई देवीच्या देवळाचं दार उघडायला आला, तर पायरीवर आवडी बसलेली. पदराखाली नारळ. आवडी म्हणजे कोंडाजीची बायको, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीतली सगळ्यात ठणठणीत आवाजाची बाई. दळण आणायला निघाली तरी उमरठपर्यंत कळायचं. ती बाई आज कुजबुजत बोलतेय म्हटल्यावर भागोजी कुलूप तसंच सोडून पायरीवर टेकला.

“भाऊ, गाऱ्हाणं घाला. पन कोनाला सांगू नका. आमच्या ह्यांना तर मुळीच नाय.”

“बोल की.”

“माज्या प्रियाला ती मुंबईची कंपनी मिळू देऊ नको म्हनावं. कोंबडा देईन.”

भागोजी चाट पडला. प्रिया म्हणजे प्रियदर्शिनी, आवडी-कोंडाजीची एकुलती एक लेक. मुंबईत लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला. वकिलांच्या कुठल्याशा बड्या कंपनीत तिची मुलाखत झाली होती आणि अख्खी वाडी निकालाकडे डोळे लावून बसली होती. आणि सख्खी आई म्हणते, मिळू देऊ नको!

“अगो, असं कसं मागतंस?”

“मग काय करू? सकाळी कॉलेज, दुपारी कोना वकिलाच्या हापिसात शिकायला, रातीला अभ्यास. जेवन म्हंजे उभ्या उभ्या वडापाव. गेल्या हप्त्यात हॉस्टेलच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डाक्टर म्हनाला, हिला झोप नाय. म्हनून घरी आनली, तर हितंबी डोळ्याला डोळा नाय. त्यात कंपनी लागली तर पोरगी उरंल काय?” आवडीच्या डोळ्यांत पाणी आलं. “महाडच्या कोर्टात करू दे काय करायचं ते. रोज घरचं जेवंल तरी.”

आईचं काळीज ते. भागोजीने गाऱ्हाणं घातलं. नवस कानात बोललेला असो की मोठ्याने, तो गुरवाच्या पोटातून बाहेर यायचा नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम होता. आवडी निर्धास्त होऊन गेली.

ती वळणाआड होते न होते तोच दुसऱ्या बाजूने कोंडाजी हजर!

“भागोजी, जरा खाजगी हाय. घरात कळता कामा नये.”

“तुजंपन?” भागोजी बोलून गेला आणि लगेच खोकला.

कोंडाजीचं तिकडे लक्षच नव्हतं. तो स्वतःच्याच काळजीत बुडाला होता. “पोरीला ती कंपनी मिळालीच पायजे बघ. बोकड देतो. मी काय केलं म्हायतीय? आपल्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकून बसलो, प्रियाची निवड झाली म्हनून. लोकांनी हार टाकले, फुलं टाकली, सत्काराची शालबी आनली. आता नाय मिळाली तर मी तोंड कुठं लपवू?”

आता बोला! एकाच घरातून, एकाच सकाळी, एकाच पोरीसाठी एक कोंबडा इकडे आणि एक बोकड तिकडे. भागोजीने घाम पुसला आणि हेही गाऱ्हाणं घातलं. घालताना त्याने देवीकडे बघायचं मात्र टाळलं.

दुपारच्या आत कोंडाजीची आई काठी टेकत आली. प्रयागबाई आली म्हणजे बांधाचा विषय आला, हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिचा चुलतपुतण्या भिकाजी याने बांध सरकवला, अशी तिची तक्रार. प्रिया जन्माला यायच्या आधीपासून महाडच्या कोर्टात दावा चालू होता.

“ह्या लोकांनी कंपनी कंपनी लावलंय रे,” म्हातारी म्हणाली. “मी चौकशी केली. कंपनीतले वकील कोर्टात उभे ऱ्हात नाय. एसीत बसून कागद वाचत्यात. मग माजा दावा कोन चालवील? तिची परीक्षा पार पाड, काळा कोट घालून महाडच्या कोर्टात उभी कर म्हनावं. देवीला साडी नेसवते. कोंबडाबी देते. सुनेला नको सांगू, ती पोरीला दूध पाजत बसंल नुसती.”

आणि संध्याकाळी? संध्याकाळी साक्षात भिकाजी!

“वैर हाय ते म्हातारीशी, पोरीशी नाय,” असं म्हणत त्याने नारळ पुढे सरकवला. “पोरीचं भलं होऊ दे. मोठ्यातली मोठी कंपनी मिळू दे, मुंबईतच ऱ्हाऊ दे. महाडच्या कोर्टाची पायरी तिनं जन्मात चढू नये. बोकड देतो.”

बाप आणि बापाचा वैरी, दोघांचं मागणं एक! रात्री त्याने ताटातला भात नुसता चिवडला. बायको काशीबाईने विचारलं, “काय वो, कुठं काय बघितलंत काय?” तर हा ताट सारून उठला. सांगणार कुणाला? यातलं काहीही खरं झालं, तरी वाडीतली निम्मी माणसं उद्या म्हणणार की भागोजीने गाऱ्हाणं नीट घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटपल्यावर, खुद्द प्रिया देवळात आली. डोळ्यांखाली काळं, हातात फोन, आणि चाल अशी की वारा आला तर बसेल खाली.

“भागोजीकाका, कौल लावता का?”

“तू? लॉ कॉलेजातली पोरगी कौल मागतंस?”

“लॉ कॉलेजनेच ही वेळ आणलीय.” ती सभामंडपात फरशीवर टेकली. “काका, कंपनीचा मेल तर परवाच आलाय. घेतलंय त्यांनी मला.”

भागोजीचे डोळे पांढरे झाले. परवा! म्हणजे काल चौघंजण कोंबडे-बोकड बोलून गेले, तेव्हा निकाल लागून मोकळा झालेला!

“घरी सांगितलं नाही अजून. आज पाचच्या आत हो की नाही कळवायचंय. हो म्हटलं तर सोमवारपासून दिवसभर काम. कॉलेजची हजेरी आधीच कमी, परीक्षा महिन्यावर. नाही म्हटलं तर सगळे म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या, वर्गात मांडतो तशा. दोन्ही बाजू जिंकतात! मला आता विचारच करता येत नाहीये, काका. देवीला विचारा आणि संपवा.”

भागोजीने दोन कळ्या घेतल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नको. पण उजवी पडली तर आवडी आणि प्रयागबाई गळा धरणार. डावी पडली तर कोंडाजी, आणि वर भिकाजी. गुरवाने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्या दिवशी केलं. त्याने दोन्ही कळ्यांना चांगलं बोटभर ओलं गंध फासलं आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर अशा दाबून बसवल्या, की पहाड हलला तरी त्या हलल्या नसत्या.

“देवी विचार करतेय,” तो चाचरत म्हणाला. “बस जरा.”

प्रिया बसली. खांबाला टेकली. आत गार अंधार, उदबत्तीचा वास, बाहेर एक पान हलत नव्हतं आणि देवळात फोनला रेंजचा पत्ता नाही. थोड्या वेळाने भागोजीने वळून पाहिलं, तर पोरगी फरशीवर कलंडून गाढ झोपलेली! तोंड अर्धं उघडं, हात उशाला.

“अगो प्रिया! ऊठ. पाचच्या आत सांगायचंय ना?”

ती हललीसुद्धा नाही. भागोजीने दोनदा हाक मारली, मग तिच्या तोंडाकडे बघून तिसरी हाक गिळून टाकली. किती दिवसांनी झोपलीय कोण जाणे. घटकाभर झोपू दे, मग उठवू, असं ठरवून तो राखणीला समोरच्या खांबाला टेकून बसला. कालपासून त्याच्याही डोळ्याला डोळा नव्हता. शेवटी जे व्हायचं तेच झालं.

“माजी पोर गेली गो!”

आवडीच्या किंकाळीने भागोजी धडपडून उठला. बाहेर उन्हं कलली होती. घरात पोरगी नाही म्हणून शोधत आलेली आवडी दारात उभी होती आणि फरशीवर आडव्या पडलेल्या लेकीकडे बघून तिने देवीपुढे अंगच टाकलं. “बये, मी कंपनी नको मिळू दे म्हटलं होतं गो! पोरगी उचलून ने, असं नव्हतं म्हटलं!”

मागोमाग धावत आलेला कोंडाजी दारातच थिजला. “काय म्हनालीस? कंपनी नको? तू असा नवस बोललीस? अगो, मी हितंच बोकड बोललोय कंपनी मिळावी म्हनून!”

“मेल्यांनो!” मागून येऊन पोहोचलेली प्रयागबाई काठी आपटत ओरडली. “मी कोर्टात उभी कर म्हटलंय, तुमी मधे मधे काय लुडबुडता?”

आरडाओरडा ऐकून भिकाजीही पोहोचला होता. तो हळूच मागे सरकायला लागला, पण भागोजीची नजर नेमकी तिकडे गेली आणि सगळ्यांची नजर भागोजीच्या नजरेमागे गेली.

“तू पन?” कोंडाजी किंचाळला.

“मी भल्याचंच मागितलं हो,” भिकाजी पुटपुटला.

या सगळ्या गदारोळात मेलेली पोरगी उठून बसली आणि डोळे चोळत म्हणाली, “किती वाजले?”

आवडीने तिला छातीशी धरलं आणि मग एक चापटही मारली. सहा वाजून गेले होते. प्रियाच्या तोंडचं पाणीच पळालं. पाचची वेळ गेली होती. तिने एकेकाकडे बघितलं.

“तुम्ही माझ्यावर कोंबडे-बोकड लावलेत? आई, बाबा, आजी, हे भिकाजीकाका, सगळ्यांनी देवीला सांगितलं. मला एकाने तरी विचारलंत का, प्रिया, तुला काय हवंय?”

कोंडाजीने खाली मान घालून विचारलं, “काय हवंय गो तुला?”

“झोप,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

आवडीने पदराने तिचं तोंड पुसलं. प्रिया उठली आणि टाकीकडे चालू लागली, कारण वाडीत रेंज यायची ती पाण्याच्या टाकीपाशीच. तिच्यामागे घरचे, घरच्यांमागे भागोजी, आणि बऱ्याच अंतरावर भिकाजी. फोन लागला. कंपनीतल्या अनुपमा मॅडमनी उचलला. “स्पीकर लाव, स्पीकर,” कोंडाजी कानाशी कुजबुजला.

“मॅडम, मी प्रियदर्शिनी. पाचपर्यंत कळवायचं होतं. मला झोप लागली.”

“अगो खोटं बोल काय तरी!” कोंडाजीने कपाळावर हात मारला.

“काय लागली?” पलीकडून आवाज आला.

“झोप. मॅडम, खरं सांगते, मला काम करायचंय. पण परीक्षा झाल्याशिवाय नाही जमणार. आत्ता आले तर मी पुन्हा जिन्यात पडेन. चालत नसेल तर दुसऱ्या कुणाला घ्या.”

कोंडाजीने डोळे मिटून देवीचं नाव घेतलं.

“गोळी घेऊन झोपलीस?” मॅडमनी विचारलं.

“नाही. तशीच. देवळात, फरशीवर. दुपारपासून आत्तापर्यंत.”

“दुपारपासून आत्तापर्यंत,” मॅडम सावकाश म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “ठीक आहे, परीक्षा दे आणि मग ये, मी बघते इथलं. पण मला सांग, त्या देवळात बाहेरच्या माणसाला झोपू देतात का?”

टाकीपाशी सगळ्यांचे आ वासले ते वासलेलेच राहिले.

शनिवारी खरंच मोठी गाडी वाडीत शिरली. अनुपमा मॅडम उतरल्या, उशी बगलेत. देवीला नमस्कार केला आणि सभामंडपात ज्या आडव्या झाल्या, त्या रविवारी दुपारी उठल्या. आवडीच्या हातची तांदळाची भाकरी खाताना प्रयागबाईने त्यांना बांधाची सगळी हकिकत ऐकवली. ऐकून मॅडमचे डोळे चमकले. “आजी, कंपनीतली असले तरी सनद आहे माझी. हा दावा मी चालवते. महाडला तारीख पडली की मला इथे यायला कारण मिळेल. तारखा जरा जास्त पडल्या तरी चालतील.”

पुढे परीक्षा झाली, प्रिया पास झाली, अंगावर थोडं मासही धरलं आणि कंपनीत रुजू झाली. कोंडाजीच्या ग्रुपवर हार पुन्हा एकदा पडले. कोंडाजीने मागितलं ते मिळालं म्हणून, आवडीने पोरगी धड राहिली म्हणून आणि प्रयागबाईने दाव्याला वकील मिळाला म्हणून, तिघांनीही नवस आनंदाने फेडले. शेवटी भिकाजी बोकड ओढत देवळात आला, तेव्हा त्याचा चेहरा बोकडापेक्षा उतरलेला होता.

“भागोजी, हे असं नव्हतं रे मागितलं मी!”

“मागितलंस तेच मिळालं. पोरगी मुंबईत गेली. महाडच्या कोर्टाची पायरी ती चढत नाय. दुसरं कोन चढंल, ते तू बोललासच नाय.”

भिकाजीने बोकडाची दोरी खांबाला गुंडाळली आणि पिशवीतून एक नारळ काढून पुढे केला. मग जवळ सरकून हळूच म्हणाला, “मग असं कर. नवीन गाऱ्हाणं घाल. त्या मॅडमला मुंबईतच रोज झोप लागू दे म्हनावं. दोन बोकड देतो.”

भागोजीने देवीकडे पाहिलं, भिकाजीकडे पाहिलं आणि नारळ त्याच्या हातात परत ठेवला.

“भिकाजी, देवीच्या हातात हाय तेवढंच माग.”