घंटेच्या दोरीला टांगलेले मेजू

"हे मेजू आहे की माझ्या धाकट्या भावाचं तोंड?" सिस्टर ल्यूसियांनी मिरानच्या हातातली वीट उलटीपालटी करून पाहिली. "कडा नीट दाब. वाळताना तडे गेले, तर वर्षभर सगळा मठ पाणचट सार पिईल आणि नावं मला ठेवील."

मिरानने कडा दाबल्या. शिजवून कुटलेल्या सोयाबीनचा वास तिच्या नखांत, केसांत आणि तिची खात्री होती की आत्म्यातही शिरला होता. पेंढ्याने बांधलेल्या या विटा थंडीभर वळचणीला टांगायच्या, की वसंतात त्या मिठाच्या पाण्यात मुरवून साराचा मसाला करता येतो. देगू शहरातल्या बँकेत नोकरी करताना तिने असली वीट चित्रातच पाहिली होती.

"सिस्टर, तुम्हाला पाचारण झालं ते कसं कळलं?"

"किती वेळा सांगू, बाई? भातलावणी चालली होती. गुडघाभर चिखलात उभी होते. मागून कुणीतरी नावाने हाक मारली. वळून बघते तर कुणी नाही. नुसता एक बगळा."

"बगळ्याने हाक मारली?"

"बगळा कशाला मारेल हाक! देवाने मारली. संध्याकाळी मदरसमोर असलं काही बोलू नकोस हं."

संध्याकाळ. मिरानने तीच कड पुन्हा दाबली. उमेदवारीचं वर्ष संपलं होतं. आज संध्याकाळी मदर एमिलियाना तिला समोर बसवून विचारणार होत्या, की बाई, देवाने तुला कसं बोलावलं? मठाचा झगा मागतेस, की घरी जातेस? मठात प्रत्येकीपाशी आपापली हाक होती. गाडी चालवणाऱ्या सिस्टर वेरेनांना ती दवाखान्याच्या खाटेवर आली होती. खुद्द मदर हाक ऐकून म्हणे चालत्या बसमधून मधल्याच थांब्यावर उतरल्या होत्या. मिरानने वर्षभर कान टवकारले होते, पण तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. आई गेल्यानंतर ती इथे आली, एवढंच. नूडल्सचं दुकान चालवणारे बाबा फोनवर कधी आग्रह करत नसत. कालही ते एवढंच म्हणाले, "तुझ्या गादीला ऊन दाखवलंय." त्या गादीने तिची झोप उडवली होती.

वळचणीचे खिळे संपले तेव्हा तीन विटा उरल्या होत्या. मिरानने इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, आकड्याला गुंडाळलेली एक जुनी दोरी वरून खाली आली होती. तिने दोरी सोडली, तिन्ही विटा एकाखाली एक बांधल्या आणि लांब उभं राहून पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच काहीतरी सरळ रेषेत झालं होतं.

ही दोरी फार पूर्वी स्वयंपाकिणीने जेवणाची घंटा वाजवण्यासाठी वापरलेली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घंटा हल्ली चॅपलच्या ओसरीतून वाजवत. ती वाजली की हातातलं काम जिथल्या तिथे टाकून चॅपलकडे निघायचं, हा मात्र मठाचा पहिला नियम. लिहिताना अक्षराचा शेवटचा फराटा राहिला तर राहू द्यायचा. आणि घंटा कुणी वाजवली, का वाजवली, हे विचारायचं नाही. देवाला कुणी कारण विचारतं का?

अशी सगळी तयारी झाल्यावर पहिला मॅगपाय पक्षी आला. काळापांढरा, लांब शेपटीचा, दिसायला थेट एखाद्या सिस्टरसारखा. तो मधल्या विटेवर बसला आणि सोयाबीनचा दाणा उपटू लागला.

घंटा झाली.

भलत्याच वेळी झाली, पण झाली. कुणी कोबीच्या पानांतून उठल्या, कुणी इस्त्री उभी करून आल्या. मिरान सगळ्यांच्या आधी पोचली, कोपरापर्यंत सोयाबीन माखलेली. सगळ्या गुडघे टेकून बसल्या. मदरना वाटलं, घंटा बघणाऱ्या सिस्टरला काही कारण असेल. त्या सिस्टरला वाटलं, मदरनी स्वतः वाजवली. बऱ्याच वेळाने सगळ्या मुकाट उठून आपापल्या कामाला गेल्या.

दुसऱ्या खेपेला मॅगपाय जोडीने आले. ते आळीपाळीने टोचत होते, त्यामुळे घंटा थांबून थांबून, एकेक ठोका देत वाजली. सगळ्या पुन्हा धावल्या. असे सुटे ठोके मठात फक्त कुणी गेलं की पडतात.

चॅपलमध्ये नजरा एकमेकींवरून फिरल्या आणि एका रिकाम्या जागेवर येऊन थांबल्या. सिस्टर स्कोलास्तिका. नव्वदीला टेकलेल्या, ठार बहिऱ्या. सकाळीच सिस्टर वेरेना त्यांना गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या.

"फोन आला असणार," सिस्टर ल्यूसिया कुजबुजल्या. "सकाळी माझ्याकडे लोणच्याचा मुळा मागितला होता हो त्यांनी. मी म्हटलं, अजून मुरला नाही. द्यायला काय झालं होतं मला!"

मदरना वाटलं, फोन दुसऱ्या कुणी घेतला. बाकीच्यांना वाटलं, मदरनी घेतला. मदरनी डोळे पुसले आणि मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली. एक ओळ उजवीकडच्यांनी म्हणायची, पुढची डावीकडच्यांनी. संथ, एका लयीत, समुद्राने येऊन परत जावं तशी.

मिरानला ही प्रार्थना ओळखीची होती. आईच्या वेळी दवाखान्याच्या त्या थंड दालनात कुठल्या कुठल्या म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. ओळख ना पाळख. कुणी बोलावलंही नव्हतं. भिंतीशी मांडी घालून त्या हीच प्रार्थना गात राहिल्या, एक फळी दमली की दुसरी. मिरानला तेव्हा रडता आलं नव्हतं. ती नुसती त्यांच्या तोंडांकडे बघत राहिली होती. या कोण? यांना इथे कोण पाठवतं? ते आश्चर्य अजून तिच्यातून गेलं नव्हतं.

तासाभराने दार ढकलून गावातल्या माग्दालेना काकू आत आल्या, मागे चारपाच बायका आणि एक भलंमोठं पातेलं. "घंटा ऐकली," काकू हुंदका देत म्हणाल्या. "नातवाच्या वाढदिवसाचं मांस आणलं होतं, त्याचंच मयताचं लाल तिखट सार टाकलं. पोरगं भोकाड पसरून बसलंय. म्हटलं, गप बस, वाढदिवस पुढल्या वर्षीही येईल."

बायका भिंतीशी बसल्या आणि त्यांनी ओळ उचलली. मिरानला पातेल्याखाली जाळ घालायला मागच्या अंगणात पाठवलं.

तिथे तिने वर पाहिलं. मॅगपाय विटेवर बसला होता. विटा हलत होत्या. दोरी हलत होती. दोरी थेट घंटेच्या मनोऱ्यात जात होती.

"अरे देवा," मिरान म्हणाली. आणि घंटा वाजली.

ती चॅपलच्या दारात धापा टाकत उभी राहिली, तेव्हाच बाहेर गाडी थांबली. सिस्टर स्कोलास्तिका काठी टेकत आत आल्या. प्रार्थना चाललेली पाहून त्या आपल्या जागी बसल्या आणि खणखणीत आवाजात त्यांनी पुढची ओळ धरली. त्यांच्याखेरीज सगळ्यांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली.

"थांबलात का?" त्यांनी विचारलं. "गेलं कोण?"

 माग्दालेना काकूच म्हणाल्या, "अहो आजी, तुम्ही!"

"मी?" स्कोलास्तिका विचारात पडल्या. "मग अर्ध्यावर सोडू नका. पुरी करा. लागेलच की लवकर." मग एकदम त्यांनी कानाला हात लावला. कानात एक नवं इवलंसं यंत्र होतं. "आणि आत्ता फाटकाशी घंटा झाली ना? मला ऐकू आली! मुलींनो, मी ऐकली! बारा वर्षांनी!"

म्हातारी लहान मुलासारखी रडायला लागली. मग सिस्टर ल्यूसिया, मग सगळ्याच. 'ती मॅगपायने वाजवली' हे वाक्य मिरानच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. तिने सिस्टर स्कोलास्तिकांना सार वाढलं. त्या स्वतःच्या मयताचं सार फुंकून फुंकून जेवल्या आणि वर मुळा मागितला. तो त्यांना मिळाला.

"आजी," मिरान त्यांच्या कानाशी वाकली. "इतकी वर्षं घंटा ऐकूच येत नव्हती, तर तुम्ही प्रत्येक प्रार्थनेला कशा यायच्यात?"

"ओरडू नकोस, आता ऐकू येतं मला. कशा म्हणजे? बाकीच्या निघाल्या की मी निघायचे."

"तेवढ्यावर?"

"पाय आहेत ना? हाक सगळ्यांनाच कानात येते असं कुठे आहे?" त्यांनी वाटी पुढे केली. "अजून एक डाव घाल."

भांडी आवरून दोरी सोडायला मिरान निघाली, तोच मदरनी बोलावलं. खोलीत बसायच्या दोनच उश्या होत्या आणि मधे बार्लीचा चहा. मिरानने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. दोरी, विटा, मॅगपाय, नातवाचा बुडालेला वाढदिवस.

 मदरचे खांदे हलत होते. रागाने की कशाने, ते कळेना. शेवटी त्यांनी डोळे पुसले. "आणि पाचारणाचं?"

"मला काहीच ऐकू आलं नाही, मदर. बगळासुद्धा नाही. खोटं कसं सांगू? मी जाते घरी."

"तिसऱ्यांदा घंटा झाली तेव्हा तू मागच्या अंगणात होतीस ना?"

"हो."

"पाखरू बघितलंस?"

"डोळ्यांनी."

"मग चॅपलमध्ये धावत का आलीस?"

  आपण पळी हातात घेऊनच धावलो होतो, हे मिरानला आत्ता आठवलं.

बाहेर डोंगरावरून वारा सुटला होता. वळचणीच्या विटा एकमेकींवर आपटल्या, दोरीवरच्या तिन्ही हेलकावल्या आणि घंटा झाली.

दोघी उभ्या होत्या. कधी उठल्या ते दोघींनाही कळलं नाही. मदरचा हात दाराच्या कडीवर होता. चहाचा पेला कलंडून चहा चटईभर पसरत होता.

"वाऱ्याने वाजली ती," मदर म्हणाल्या.

"माहीत आहे, मदर."

मदरनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. ओसरीतून बाकीच्यांची पावलं ऐकू येऊ लागली होती आणि त्यांत एक काठीही होती, सगळ्यांच्या पुढे.

"चल," मदर म्हणाल्या. "झग्याचं माप उद्या घेऊ."