टर्नबुलबाईंची पेटी

मिस टर्नबुल यांना राग यायला एरवी एखादं कारण तरी लागे. त्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र कारणं दाराशी रांग लावून उभी होती. सकाळचं दूध चहा व्हायच्या आत नासलं. लोण्याचं तेल झालं आणि त्या तेलात मुंग्या पोहायला उतरल्या. टेबलावरच्या मेणबत्त्या उकाड्याने वाकून एकमेकींना नमस्कार करत होत्या. आणि एवढ्यावर भागलं असतं तर बरं, पण पुढच्या आठवड्यात जबलपूरहून मिशनचे सेक्रेटरी पिकरिंगसाहेब येणार होते.

साहेब कशाला येणार, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. सीताबर्डीच्या अलीकडच्या मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस म्हणून उभी हयात घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि शाळेमागच्या छोट्या बंगल्यात एकट्या राहत होत्या. बंगला मिशनचा. मिशनचं म्हणणं असं की, सत्तरीला टेकलेल्या बाईला नागपूरचं ऊन झेपत नाही. तिने आता स्कॉटलंडला परत जावं. तिथे म्हाताऱ्या मिशनरी बायकांसाठी एक छान घर आहे. ते छान घर बाईंनी एका रजेत पाहिलं होतं. तिथे घंटा झाली की चहा, घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की झोप.

"जन्मभर घंटा मी वाजवली," त्या जयवंताला म्हणाल्या होत्या. "आता दुसऱ्याच्या घंटेवर उठायला मी काही शाळेतली पोर नाही."

जयवंता म्हणजे हुडकेश्वरहून आलेली, बाईंचा स्वयंपाक आणि बाईंचा राग दोन्ही सांभाळणारी. ती "हो बाई" म्हणाली आणि नासलेलं दूध फेकायला गेली.

म्हणजे साहेबांना बाई जरा जरी कोमेजलेल्या दिसल्या, की बंगला गेला, नागपूर गेलं, घंटा सुरू. म्हणून बाईंनी ठरवलं, की साहेब यायच्या आत घरात थंड पाणी, घट्ट लोणी आणि ताजं दूध हवं. कारखान्यातून बर्फ यायचा, पण बादलीत ठेवला की दुपारपर्यंत त्याचं पाणी. आणि म्हणून त्यांनी नत्थूजी सुताराला बोलावलं.

नत्थूजी मिशनचा नेहमीचा सुतार. शाळेची बाकं त्याची, दारं त्याची, आणि ख्रिस्ती कबरस्तानात कोणी निघालं तर त्याची शेवटची पेटीही त्याचीच. बाईंचं मराठी एका पुणेरी शास्त्रीबुवांकडून शिकलेलं. व्याकरण इतकं चोख की शास्त्रीबुवांनाही चुकायची भीती वाटावी. फक्त नागपूर काही त्या व्याकरणात मावत नव्हतं.

"नत्थूजी, मला एक पेटी करून हवी आहे."

नत्थूजीचा चेहरा उतरला. "कोनासाठी, बाई?"

"कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी." बाईंना तिथेच पहिली तिडीक उठली. असल्या उन्हात वऱ्हांड्यात उभं राहून हे काय प्रश्न.

"येवढी काय घाई हाये बाई? तुमी तर चांगल्या ठणठणीत दिसून राहिल्या."

"दिसण्यावर जाऊ नका. हा मे महिना माझ्याने निघायचा नाही. याच आठवड्यात हवी. सागाची करा. आतून जस्ताचा पत्रा मारा. फळ्यांच्या मध्ये भुसा ठासून भरा. झाकण असं बसलं पाहिजे की आत वारा जाता कामा नये. बर्फ दोन दिवस टिकला पाहिजे."

आता, अशीच जस्ताची पेटी नत्थूजीने एका रेल्वेच्या साहेबासाठी केली होती. तो साहेब त्या पेटीतून, बर्फात, मुंबईपर्यंत नीट गेला होता. नत्थूजीने मान हलवली. "समजलं बाई. दोन दिवस तर लागतेच. पादरीसाब येतपावतर."

"हो. ते यायच्या आत तर हवीच हवी."

"आन लांबी?"

बाईंच्या डोळ्यांपुढे भिंतीलगत उभी राहणारी, कपाटासारखी पेटी होती. त्यांनी जमिनीपासून आपल्या डोक्यापर्यंत हात नेला. "माझ्याएवढी."

नत्थूजीने सुतळी काढली, आणि बाईंना डोक्यापासून टाचेपर्यंत अगदी हळुवार, दुखेल की काय अशा बेताने मापलं. मग दबक्या आवाजात विचारलं, "मंग हे विलायतेले न्याची का?"

झालं. नेमक्या दुखऱ्या जागी बोट. बाई ताडकन म्हणाल्या, "विलायतेला काहीही जाणार नाही. ना पेटी, ना मी. मी इथेच राहणार, नागपुरात, कायमची. सांगा जाऊन सगळ्यांना."

नत्थूजीने उपरण्याने डोळे पुसले आणि सगळ्यांना जाऊन सांगितलं.

सुरुवात स्वयंपाकघराच्या दारापासून झाली.

"काहून रडून राहिले गा नत्थूजी?" जयवंताने विचारलं.

"बाईनं पेटी सांगतली."

"पेटी? वाजवाची?"

"वाजवाची नाई वं. निजाची."

जयवंताच्या हातातला झारा खाली पडला. "अवं माय. आन मले काल पोळी जळली म्हणून केवढी बोलली थे."

"तेच तं. जानाऱ्या मानसाले राग लय येते. आता तिच्यापुढी नाव काढजो नको. तिनं मनाची तयारी केली हाये, आपून काहून मोडाची?"

दुसऱ्या दिवशी गवळ्याने दुधात पाणी घातलं नाही. बाईंनी ते दूध भिंगातून पाहिलं आणि यात नक्की काय मिसळलंय म्हणून त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "बोला बाई, बोला." एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस. बाईंना राग काढायला जागाच उरली नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

मग कुसुमताई आल्या. कुसुमताई म्हणजे बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता धंतोलीतल्या वकिलांची बायको आणि तीन लेकरांची आई. त्यांनी डब्यातून मऊ भात आणला होता. तो बाईंच्या पुढे ठेवून त्या थेट पाय चेपायलाच बसल्या.

"पाय सोड," बाई म्हणाल्या.

"बाई, आठवते का, तुमी मले छडी मारली होती? मले त्याचा काही राग नाही बरं."

"मला आहे. त्रैराशिक तुला अजून येत नाही."

"नाही येत," कुसुमताई म्हणाल्या आणि हुंदके देऊ लागल्या. बाईंना वाटलं, गणितासाठी एवढं रडणारी ही पहिलीच मुलगी.

संध्याकाळी शेजारचे वामनराव आले. त्यांच्या बकरीने बाईंचे गुलाब खाल्ले तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. ते आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी तुमाले माफ केलं."

"तुमच्या बकरीने माझे गुलाब खाल्ले आणि तुम्ही मला माफ केलं?"

"हो. मनातून काढून टाकलं. तुमी बी काही मनात ठेवू नका, मोकळ्या होऊन जा."

"कुठे जा?"

वामनराव गडबडले. "म्हणजे, सुखी राहा." एवढं बोलून ते जे निघाले, ते वळून पाहिलंच नाही.

बाई रात्रभर तळमळल्या. सगळं गाव एकाएकी असं मऊ भातासारखं का झालं? कोणी भांडेना, कोणी उलटून बोलेना. आणि मग उत्तर सापडलं. पिकरिंग. जबलपूरला बसून त्यानेच पढवलंय सगळ्यांना. म्हातारी थकली, म्हातारी संपली, असं सगळे बोलू लागले की याचं काम सोपं. संतापाने त्या अंथरुणातच उठून बसल्या. मी थकले काय? दाखवतेच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कावळेसुद्धा चोच वासून सावलीत बसले असताना, बाईंनी टोपी चढवली, कुदळ घेतली आणि गुलाबासाठी नवा वाफा खणायला सुरुवात केली. रागाच्या भरात तो वाफा बराच लांब आणि बराच खोल झाला.

जयवंताने खिडकीतून पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला. "अवं माय. थे तं सोताच खनून राहिली."

ही बातमी बर्डीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

साहेब यायचा दिवस उजाडला. सकाळीच कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आल्या आणि पोत्यात गुंडाळून वऱ्हांड्यात ठेवल्या. बाईंनी कैऱ्या उकडून पन्हं करायला सांगितलं. पेटी काही येईना. अकरा झाले, बारा झाले, बाईंचा जीव वर-खाली. शेवटी फाटकाशी बैलगाडी थांबली. गाडीवर नत्थूजी, गाडीमागे कुसुमताई, कुसुमताईंमागे शाळेच्या जुन्या मुली, त्यांच्यामागे वामनराव आणि बरीचशी अनोळखी माणसं. चौघांनी पेटी उचलून वऱ्हांड्यात आणली. लांबलचक, दोन्ही अंगांना पितळी कड्या, आणि झाकणावर सुबक कोरलेला क्रूस.

बाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली. जयवंता म्हणते, बाई गप्प झालेल्या तिने पहिल्यांदाच पाहिल्या.

"नत्थूजी," शेवटी त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

"पेटी."

"मी ही सांगितली होती?"

"सागाची, आतून जस्त, मधात भुसा, तुमच्या मापाची. जशी सांगतली तशी. क्रूस माह्याकडून."

मऊ भात, माफी, निर्मळ दूध, रडणारी कुसुम, सगळं एकदम बाईंच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा कानशिलापासून लाल होऊ लागला. "मी बर्फाची पेटी सांगितली होती. लोणी ठेवायला. दूध ठेवायला. लोणी क्रुसाखाली ठेवू?"

"बर्फ राहते ना बाई ह्यात," नत्थूजी दुखावून म्हणाला. "दोन दिवस राहते. भरून तं पाहा."

बाईंनी उत्तरासाठी श्वास घेतला, आणि नेमका त्याच क्षणी टांगा आला.

आता पिकरिंगसाहेबांचंही ऐका. स्टेशनावर टांगेवाल्याने पत्ता ऐकला आणि हळहळून विचारलं, "टर्नबुलबाईच्या मयतीले का साहेब?" साहेब भला माणूस. त्यांनी तिथल्या तिथे आदराने टोपी काढली. काळा लोकरी कोट गळ्यापर्यंत लावलेला, टोपी मांडीवर, आणि डोक्यात पुढचं प्रवचन, असे ते स्टेशनापासून बंगल्यापर्यंत मे महिन्याच्या भर दुपारी उघड्या डोक्याने आले.

उतरले आणि समोर बाईच उभ्या.

"मिस टर्नबुल," ते इंग्रजीत पुटपुटले, "तुम्ही तर..."

"जिवंत आहे. काही तक्रार?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, रडणाऱ्या बायकांकडे पाहिलं. "पण तुमचीच तयारी झालेली दिसते. मग उशीर नको. सप्टेंबरात जहाज आहे. स्कॉट..."

पुढचं त्यांच्या तोंडातून निघालंच नाही. डोळे फिरले, गुडघे वाकले आणि साहेब वऱ्हांड्याच्या पायरीवर आडवे झाले.

"लू लागली साहेबाले," जयवंता म्हणाली. "आंग पाहा, तव्यावानी तापलं."

शाळेत पोरी चक्कर येऊन पडत तेव्हा बाई कधी गोंधळल्या नव्हत्या, आताही नाही. "कोट काढा. बर्फ फोडा. उचला यांना."

"ठेवू कुठी?" नत्थूजीने विचारलं.

बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "आत."

"ह्यात? बाई, थे तुमच्या मापाची हाये. साहेब लांब हाये."

"पाय बाहेर राहू द्या."

साहेबांना पेटीत ठेवलं, भोवती बर्फ रचला, कपाळावर ओला पंचा. फाटकापाशी मागे राहिलेल्या बायकांना गर्दीतून एवढंच दिसलं, की पेटीत कोणीतरी निजलंय. आठवडाभर आवरून धरलेलं रडू त्यांनी मोकळं सोडलं. जुन्या मुलींनी शाळेतलं प्रार्थनागीत धरलं. वामनरावांनी हात जोडून पिकरिंगसाहेबांनाही माफ करून टाकलं.

काही वेळाने साहेबांनी डोळे उघडले. अंगाला गारवा, कानावर गाणं, शेजारी उभं केलेलं झाकण, त्यावर क्रूस.

"मी पोचलो का?" त्यांनी हळूच विचारलं.

वरून एक लालबुंद चेहरा आत वाकला. "नागपूरपर्यंत पोचलात. पन्हं प्या."

साहेब पन्हं प्यायले. बाईंनी पेला परत घेतला, आणि मग मात्र आठवडाभर तुंबलेलं सगळं सुटलं.

"मिस्टर पिकरिंग, तुम्ही माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. तरी मे महिन्यात लोकरी कोट घालून, उघड्या डोक्याने नागपुरात येता, आणि मला सांगता की मला ऊन झेपत नाही? काल दुपारी मी हा वाफा खणला. जा, पाहून या. मला इथल्या माणसांचा राग येतो, माशांचा येतो, त्या बकरीचा येतो. त्या तुमच्या छान घरात मला कोणाचा राग येणार? तिथे सगळ्या शालीत गुंडाळलेल्या. मी आठ दिवसांत मरेन. आता बाहेर या आणि सांगा, घरी कोणाला पाठवायचं?"

साहेबांनी थोडा विचार केला. "अजून थोडा वेळ आत राहिलं तर चालेल का?" ते म्हणाले.

ते चांगले उन्हं उतरेपर्यंत आत राहिले. संध्याकाळच्या गाडीने निघाले तेव्हा जहाजाचा शब्दही काढला नाही. फक्त बाईंना म्हणाले, "त्या सुताराला सांगाल का, मलाही अशीच एक पेटी हवी. माझ्या मापाची. बर्फाचं फार छान जमलंय त्याला."

बाईंनी आपल्या चोख मराठीत शब्द न् शब्द सांगितलं. नत्थूजीने सुतळी काढली.

साहेबांची पेटी मालगाडीने जबलपूरला गेली, पितळी कड्यांसह, क्रुसासह. मिशनच्या आवारात ती उतरली तेव्हा कमिटीचे सगळे सभासद वऱ्हांड्यात चहा पीत होते. त्यांनी पेटी पाहिली, तिची लांबी पाहिली, आणि मग पिकरिंगसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्यापैकी कोणीही पेटीचं नाव काढलं नाही. सगळे त्यांच्याशी एकाएकी फार प्रेमाने बोलू लागले. साहेबांनी कितीही सांगितलं तरी उपयोग झाला नाही. सप्टेंबरच्या जहाजाने त्यांना विश्रांतीसाठी स्कॉटलंडला पाठवून दिलं.

ही बातमी कुसुमताईंनी सांगितली, तेव्हा बाई चहा घेत होत्या. चहात माशी पडली होती. बाईंनी ती चमच्याने अलगद काढून बाजूला ठेवली आणि चहा पिऊन टाकला. जयवंताच्या हातून बशी फुटली. बाई म्हणाल्या, "असू दे." वामनरावांची बकरी वाफ्यात शिरली, तर बाई नुसत्या तिच्याकडे बघत बसल्या, आणि बघता बघता चक्क हसल्या.

जयवंताने ते पाहिलं, तिच्या काळजात चर्र झालं, आणि ती तशीच मागच्या दाराने नत्थूजीला बोलवायला धावली.