ओलं ब्लँकेट आणि सुसाटरावांची परात

वायरला, बटणाला, कशालाही हात न लावता अख्ख्या बिल्डिंगचं इंटरनेट बंद पाडून दाखवतो, असं मी जिन्यात छाती फुगवून म्हणालो. सगळे शेजारी तिथेच उभे होते, त्यामुळे माघार घ्यायची सोय राहिली नाही.

समोर होते शेजारच्या दारातले सुसाटराव. बिल्डिंगला इंटरनेट तेच पुरवतात आणि दिवसभर 'सुसाट, सुसाट' करत फिरतात, म्हणून हे नाव मीच ठेवलंय. गच्चीवर त्यांनी परातीएवढा अँटेना बसवलाय. तो लांबच्या टॉवरवरच्या दुसऱ्या परातीकडे टक लावून बघत असतो. मध्ये वायर नाही, काही नाही. सगळा कारभार हवेतून.

"रविवारी संध्याकाळपर्यंत बंद पाडा," सुसाटराव म्हणाले. "हरलात तर खाली अंगणात, सगळ्यांसमोर तुमच्या सासूबाईंना सांगायचं, मी गाढव आहे."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी माझ्या सासूबाईंना सांगेन."

त्यांच्या सासूबाईंचे कान तिखट. आमच्या सासूबाईंना ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. मी लगेच हात मिळवला.

बेत सोपा होता. दोन पराती एकमेकींकडे बघतात ना, मग मध्ये पडदा टाकायचा. रविवारी दुपारी मी धुणं भरलेली बादली घेऊन गच्चीकडे निघालो. बायको हादरली. लग्न झाल्यापासून मी रुमालसुद्धा वाळत घातलेला नाही.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"मदत करतोय."

"मग लवकर खाली या. पोरीचा व्हिडिओ कॉल येणारे. तो मुलगा दाखवणारे ती. माझी आई बघून हो म्हणाली की लग्न ठरलं."

हे मी ऐकलं. पण डोक्यात परात होती.

अँटेनासमोरच्या दोरीवर ओली चादर टाकली. खिशातल्या मोबाईलवर सुसाटरावांच्याच इंटरनेटवरचं गाणं चालूच. दुसरी चादर टाकली. गाणं चालूच. मग दुहेरी ब्लँकेट, पाणी निथळणारं, डुंबून आलेल्या म्हशीसारखं जड. गाण्याला उचकी लागली. मी खूश.

तेवढ्यात बायको मोबाईल धरून जिन्यातून वर आली. "अहो, याला नाकच नाही!"

"कुणाला?"

"मुलाला. तोंडाचे नुसते चौकोन दिसतायत. आई म्हणतेय, फरशीसारखा पोरगा आपल्याला नको."

तिच्या मागून सुसाटराव आले, हातात चहाचा कप. ब्लँकेट बघून जराही दचकले नाहीत.

"पडलं बंद?"

"पडतंय."

"नाही पडणार. परातीला जोडलेला मोडेम रेडिओलहरीच्या एकेका हेलकाव्यात माहिती ठासून भरतो. पलीकडे नीट पोचत नाही असं कळलं की कमी भरतो. थोडं थोडं, ठळक ठळक बोलतो. तुमच्या सासूबाईंशी आपण बोलतो ना, तसं. गप्प मात्र बसत नाही."

बादलीत अजून एक भिजलेली रजई होती. ती टाकली असती तर त्या मोडेमची वाचाच बसली असती, हे मी आजही सांगतो. मी रजई उचललीसुद्धा.

आणि बायकोच्या मोबाईलमधून पोरीचा आवाज आला, तुटक तुटक. "बाबा. आजी. नको. म्हणतेय."

चित्राचे चौकोन झाले होते, पण आवाजातलं रडू मात्र अख्खं पोचलं.

मी रजई सोडली आणि ब्लँकेट खेचलं. ब्लँकेट माझ्या अंगावर, मी सुसाटरावांच्या अंगावर आणि चहा आमच्या चादरीवर.

खाली गेलो तर मुलाला नाक आलं होतं. चांगलं सरळ. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हा वेगळा दिसतो. हा चालेल."

संध्याकाळी अंगणात सगळी बिल्डिंग जमली. मध्ये खुर्चीत सासूबाई. शेजारी बायको, मोबाईल उंच धरून, म्हणजे पोरीला आणि होणाऱ्या जावयालाही नीट दिसेल.

"मी गाढव आहे," मी घाईत उरकलं.

"काय?" सासूबाईंनी कानामागे हात धरला.

"कमी भरा," सुसाटराव म्हणाले. "थोडं थोडं पाठवा."

"मी. गाढव. आहे."

"काय?"

मग एकेक शब्द, हातवारे करत, घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटी तर पोरंटोरंही माझ्याबरोबर ओरडू लागली. मोबाईलमधला सरळ नाकाचा मुलगा मान खाली घालून हसत होता. आणि चित्र इतकं स्वच्छ, की त्याचे दातसुद्धा मोजता आले असते.

सासूबाईंनी समाधानाने मान हलवली.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं, जावईबापू. पण इतक्या वर्षांनी खरं बोलताय, म्हटलं पोटभर ऐकून घ्यावं."