ताट रिकामं परत जात नाही

फिक्रीमास्तरांच्या घरी त्या शुक्रवारी मुलूखिया झाली, पण शहका झाला नाही, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

मुलूखियाचा पाला बारीक चिरून सशाच्या रश्श्यात शिजवायचा, वरून लसूण-धण्याची तुपातली फोडणी ओतायची, आणि ती चर्रकन पडते त्याच क्षणी करणाऱ्या बाईने भूत दिसल्यासारखा जोरात श्वास आत ओढायचा. हा शहका. तो नसेल तर मुलूखियाला चव येत नाही, हे मन्सूरा शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मास्तरांच्या बायकोचा, इन्शिराहबाईंचा शहका तर असा दणदणीत, की तो दुसऱ्या मजल्यावरून इमारतीच्या डक्टमधून थेट सातव्या मजल्यावर पोचायचा. तिथे मास्तरांची थोरली बहीण बहीगा राहायची; इन्शिराहबाई तिला अब्ला, म्हणजे ताई, म्हणायच्या. भावजयीचा शहका ऐकला की ती आपला भात शेगडीवर चढवायची.

पण त्या आठवड्यात डॉक्टर वगदींनी मास्तरांच्या रक्ताचा कागद बघितला होता, मग मास्तरांचं पोट बघितलं होतं आणि चष्मा काढून म्हटलं होतं, "तीन महिने देतो, उस्ताद. खाणं आवरा, रोज चाला. साखर उतरली नाही, तर सुई. रोज."

मास्तरांनी उभी हयात भूगोल शिकवला. वाळवंटं, वादळं, ज्वालामुखी, कशालाही ते भ्यायले नाहीत. पण सुई म्हटली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. शाळेत लसीचा दिवस असायचा तेव्हा ते नकाशांच्या खोलीत जाऊन बसायचे, आणि मुलं त्यांना शोधून आणायची.

दुसऱ्याच दिवशी इन्शिराहबाईंनी घराचा ताबा घेतला. तूप वरच्या फळीवर गेलं, काकडी खाली आली. चालण्याचं काम मास्तरांनी स्वतःकडे घेतलं. ते रोज सकाळी नाईलच्या काठाने निघायचे आणि नेमके फितीरच्या, म्हणजे तुपात थापलेल्या पापुद्र्याच्या रोटीच्या, दुकानापाशी दमायचे. चौथ्या दिवशी बाईंना त्यांच्या सदऱ्यावर मध सापडला.

"हे काय?"

"मधमाशी असेल."

"आणि तूप? म्हैस बसली होती का अंगावर?"

चालणं तिथेच संपलं. मग उजाडला शुक्रवार. बाईंनी सशाऐवजी कोंबडीचा बिनचरबीचा तुकडा घेतला, तुपाऐवजी चमचाभर तेल घेतलं, आणि फोडणी गुपचूप ओतून टाकली. शेजारी उभे राहिलेले मास्तर वाट बघत राहिले.

"अगं, शहका?"

"कशासाठी? या चमचाभर तेलासाठी? पातेल्याशी खोटं बोलू मी?"

वर सातव्या मजल्यावर बहीगा भाताचं पातेलं हातात धरून उभी होती. अजान झाली, नमाज झाली, पण खालून काही येईना. शेवटी तिने डक्टमध्ये डोकं घातलं.

"इन्शिराऽह! अगं, आहेस ना? काय झालं?"

इन्शिराहबाई गोठल्या. ही मुलूखिया त्यांच्या आईची. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी बहीगाने ती खाल्ली होती आणि म्हणाली होती, "तूप बरं होतं हो." एवढंच! तुपाचं कौतुक! त्या दिवसापासून दोघींच्यात त्या मुलूखियाचा प्रश्न होता. आता तीच बिनतुपाची केली हे वर कळलं असतं, तर बहीगाने ते कयामतीपर्यंत जपून ठेवलं असतं. आणि मास्तरांच्या साखरेचं सांगावं, तर मास्तरच खिडकीआडून हात जोडत होते. बहिणीला कळलं की इमारतीला कळणार, आणि इमारतीला कळलं की भाजीवालासुद्धा सुईचे अनुभव सांगत बसणार.

"घसा!" बाई मान वर करून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "घसा बसलाय, अब्ला बहीगा!"

"हाय हाय! बोलू नकोस! तू पड, मी आलेच!"

ती काही खाली आली नाही, कारण लिफ्ट कित्येक महिने बंद होती आणि दुरुस्त कोणी करायची यावर रहिवाशांचं भांडण चालू होतं. पण डक्टमध्ये बोललेलं एका माणसापुरतं कधी राहत नाही. संध्याकाळच्या आत तळमजल्यावरच्या उम्म हाझिम बदकाचा रस्सा घेऊन आल्या, बदकासकट. पाचव्या मजल्यावरच्या नर्गिसबाईंनी बटाट्याची परात पाठवली. त्यांचा ख्रिस्ती उपास चालू होता, दूध-तूप-मांस वर्ज्य, म्हणून सगळं तेलात. पण तेल असं की बटाटे पोहत होते. आणि बहीगाने टोपलीला दोरी बांधून बाल्कनीतून महशी खाली सोडली. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून तूप घातलेल्या मटणाच्या रश्श्यात शिजवलेल्या त्या गुंडाळ्या टोपलीत अशा चकाकत होत्या, की मास्तरांनी टोपलीला हात लावायच्या आधी डोळे मिटून घेतले.

"आपण खायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मग परत करू."

"परत? डोकं फिरलं का तुमचं? शेजाऱ्याचं ताट रिकामं परत जातं का कधी? आणि त्यांचंच भरलेलं परत पाठवलं, तर थुंकल्यासारखं होईल तोंडावर."

"मग आपलं काहीतरी घालू."

बाईंनी शेगडीवरच्या उकडलेल्या दुधीकडे बघितलं. हे ज्या ताटात जाईल त्या घरी सगळं कळेल. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. त्यांनी बहीगाची महशी उम्म हाझिमच्या ताटात लावली, उम्म हाझिमचं बदक तोडून बहीगाच्या टोपलीत ठेवलं, नर्गिसबाईंचे बटाटे दोन्हींकडे वाटले, आणि त्यांच्या परातीत तळमजल्यावरून रश्श्याबरोबर आलेली खजुराची वडी रचली.

"आता जा देऊन या."

"मी?"

"मग काय मी? माझा घसा बसलाय. जिन्यात कोणी भेटलं तर बोलावं लागेल ना? आणि डॉक्टरांनी चालायला कोणाला सांगितलंय?"

मास्तर निघाले. तळमजला, मग पाचवा, मग सातवा. सातव्यावर ते पोचले तेव्हा बहीगाला आधी त्यांचा श्वास ऐकू आला, मग भाऊ दिसला.

"अरे फिक्री, तिची तब्येत एवढी बिघडली?" मास्तरांचा चेहरा बघून ती किंचाळली. "मी उद्या कबुतरं भरते!"

आता खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण ताटं थांबेनात. आजारी बाई घसा धरून एवढं करते, आणि आपण धडधाकट बसून खातो, याची उम्म हाझिमना लाज वाटली. त्यांनी मॅकरोनीचा ट्रे भाजला. नर्गिसबाईंना वाटलं, आपले बटाटे कमी पडले. त्यांनी मसूर-भात-मॅकरोनीची कोशरी केली. बहीगाची कबुतरं तर होतीच. जे वरून यायचं ते खाली जायचं, खालचं वर जायचं, आणि मधे मास्तर. घसा दोन दिवसांत बरा झाल्याचं जाहीर झालं, पण तो दर शुक्रवारी दुपारी नेमका पुन्हा बसायचा.

बाईंचं काम स्वयंपाकघरात. आलेलं काढायचं, दुसऱ्या ताटात लावायचं, आणि त्याआधी चाखायचं.

"चाखायला कशाला हवं?" मास्तरांनी एकदा काकडी चावत विचारलं.

"म्हणजे? उद्या जिन्यात भेटल्या आणि विचारलं, कशी झाली होती गं कबुतरं, तर काय सांगू? अन्नाच्या बाबतीत खोटं बोलू? दात पडतील माझे."

आणि त्या डोळे मिटून, मोठ्या कर्तव्याने, कबुतराची तंगडी चाखायच्या. मास्तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचे. एकदा तर चौथ्या मजल्यावर, जिन्यात कोणी नसताना, त्यांनी ताटावरचं फडकं उचललं. बदकाचं कातडं सोनेरी भाजलेलं, अजून गरम. मास्तरांचा हात पुढे गेला. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर वगदी उभे राहिले, हातात सुई, सुईच्या टोकाला थेंब. मास्तरांनी फडकं टाकलं आणि उरलेले जिने पळत चढले.

एकदा मात्र प्रसंग बाका आला. बहीगाने पुन्हा महशी पाठवली, आणि त्याच दिवशी नर्गिसबाईंकडूनही त्यांच्या मावशींच्या हातची महशी आली, उपासाची, तेलातली. दोन्ही द्राक्षाच्या पानांतल्या, दोन्ही बोटाएवढ्या. मावशींची बहीगाकडे जायची होती, आणि बहीगाची तळमजल्यावर. नर्गिसबाईंसाठी तिसरंच काही होतं. पण मास्तरांनी पाचव्या मजल्यावर बेल वाजवली, ताट नर्गिसबाईंच्या हातात दिलं, आणि फडकं वाऱ्याने जरासं उडालं तेव्हा तुपाचा वास त्यांच्या नाकात शिरला. इतके दिवस तूप न मिळालेल्या माणसाचं नाक ते. चुकणं शक्य नव्हतं.

"द्या इकडे!" मास्तर ओरडले आणि ताट ओढून घेतलं.

"अहो उस्ताद, काय झालं?"

"गरम आहे!"

"मला तर गार लागलं."

"गार आहे, म्हणूनच! गरम करून आणतो!"

ते ताट घेऊन खाली धावले, नर्गिसबाईंचं खरं ताट घेऊन वर धावले, आणि नर्गिसबाईंच्या दारात दोन्ही हातांत परात धरून उभे असताना त्यांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, आपल्याला धाप लागलेली नाही. दोन, आपली विजार खाली चालली आहे. परात सोडता येईना, विजार सोडून चालेना. मास्तरांनी गुडघे एकमेकांना चिकटवले आणि तसेच उभे राहून नर्गिसबाईंच्या मावशींची तब्येत विचारली, सविस्तर.

गडबडीत बहीगाची महशी मात्र बहीगालाच गेली. हे कळल्यावर नवरा-बायको दोघेही डक्टची खिडकी लावून बसले. थोड्याच वेळात वरून हाक आलीच. बाईंनी खिडकी बोटभर उघडली.

"इन्शिराह! अगं, आज महशी जमली हो तुला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! अगदी माझ्यासारखी!"

इन्शिराहबाई यावर दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. या वेळी घसा बसल्याचं सांगावंसुद्धा लागलं नाही.

तीन महिने झाले. मास्तर दवाखान्यात गेले ते पट्ट्याला नवीन भोक पाडून. बरोबर बाईही होत्या. डॉक्टर वगदींनी कागद बघितला, मास्तरांना काट्यावर उभं केलं, पुन्हा कागद बघितला.

"उस्ताद! हे काय केलंत? सुई विसरा. चालता कुठे एवढं?"

"जिन्यात," मास्तर म्हणाले. त्यांना नाचावंसं वाटत होतं. पण पट्टा असूनही विजारीचा भरवसा वाटत नव्हता.

"शाबास! आणि वहिनी, तुम्ही अशा का बसलात? चक्कर येते? तहान फार लागते? आलाच आहात तर बोट द्या बघू इकडे."

बाईंनी हसत बोट पुढे केलं. डॉक्टरांनी थेंब घेतला, यंत्राकडे बघितलं, आणि चष्मा काढला. ते चष्मा काढणं मास्तरांनी ओळखलं.

"तीन महिने देतो, वहिनी," डॉक्टर म्हणाले.

नाईलच्या काठाने दोघे घरी निघाले. तीन महिन्यांपूर्वी मास्तर स्वतःसाठी घाबरले होते, पण ती भीती सगळी दंडात, सुईच्या जागी होती. ही छातीत होती. त्यांनी भर रस्त्यात बायकोचा हात धरला, जे मन्सूरात त्यांच्या वयाचा माणूस सहसा करत नाही, आणि इन्शिराहबाईंनीही तो सोडवून घेतला नाही.

"उद्यापासून ताटं मी पोचवणार," त्या म्हणाल्या.

"पोचव. तळमजल्यापासून सुरुवात कर, सातवा एकदम नको."  मग मास्तरांनी चेहरा होईल तेवढा दुःखी केला. "आणि चाखायचं ते... मी करीन. तुझ्यासाठी. आता कोणीतरी करायलाच हवं."

"काही नको. कोणीच चाखायचं नाही."

"पण विचारलं तर?"

"विचारलं तर म्हणायचं, तुझे हात सलामत राहोत. सगळेच म्हणतात. पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणायचं. त्याला चाखायला कशाला हवं?"

मास्तर थांबले.

"कशाला हवं?" ते म्हणाले. "इन्शिराह, मग इतके दिवस ती बदकं, ती कबुतरं, ती मॅकरोनी—"

"अहो, पुढे बघून चाला," बाई घाईघाईने म्हणाल्या. "खड्डा आहे तिथे."

मास्तरांनी खाली बघितलं. रस्ता मागच्याच महिन्यात केलेला, तळहातासारखा सपाट. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती नाईलकडे बघत होती, फार लक्ष देऊन. मास्तरांनी तिचा हात जरा घट्ट धरला, आणि तो खड्डा चुकवून तिला बाजूने नेलं.